त्र्यंबकात मध्ययुग अजून ड्युटीवर आहे

जर्मनीतल्या लँड्सहुट गावात दर चार वर्षांनी एक जुनं लग्न पुन्हा लागतं. लग्न १४७५ सालचं. नवरदेव बव्हेरियाच्या ड्यूकचा मुलगा गेऑर्ग, नवरी पोलंडची राजकन्या हेडविग. १९०३पासून गावकरी ते वठवतात. दोन हजारांहून जास्त माणसं पंधराव्या शतकातले कपडे चढवून रस्त्यावर उतरतात, आणि नियम एकदम कडक: केसांचा टोप चालणार नाही. म्हणून गावातले पुरुष कितीतरी महिने आधीपासून केस वाढवत बसतात. मूळ लग्नाच्या हिशेबात १,९४,३४५ अंड्यांची नोंद आहे. शेवटची पाच अंडीसुद्धा न सोडणाऱ्या त्या कारकुनाला दंडवत!

अमेरिकेत हे वेड १९६६च्या मे महिन्यात सुरू झालं. बर्कलीतल्या एका घराच्या परसात काही मित्रमैत्रिणी सरदार आणि राजकन्यांच्या वेशात जमले, ढालतलवारीचे सामने झाले, आणि जोर चढल्यावर सगळ्यांनी ‘विसाव्या शतकाच्या निषेधार्थ’ गावातून मोर्चा काढला. त्या एका दुपारीतून देशोदेशी शाखा असलेली संस्था उभी राहिली.

सगळ्यात मोठी फजिती मात्र स्कॉटलंडमध्ये झाली. ऑगस्ट १८३९मध्ये एग्लिंटनच्या तरुण अर्लने घोड्यावरून भाल्यांची झुंज खेळायचा जुना सोहळा आपल्या गढीवर मांडला. चिलखतं आली, घोडे आले, पुढे फ्रान्सचा बादशहा झालेला लुई नेपोलियन आला, बघ्यांची गर्दी लाखाच्या घरात गेली. मग पाऊस आला. असा आला की मैदानाचा चिखल झाला आणि एका थोर उमरावाने मिरवणुकीत चक्क छत्री उघडली. व्यंगचित्रकारांनी ती छत्री काही सोडली नाही.

आता त्र्यंबकेश्वरला या. वर्ष सिंहस्थाचं, महिना श्रावण-भाद्रपद, ब्रह्मगिरीवरचे ढग खाली गावात उतरलेले, वेळ पहाटेची. सर्वांगाला भस्म फासलेले नागा साधू भाले, तलवारी, त्रिशूळ घेऊन कुशावर्त कुंडाकडे निघालेले. नगारे वाजतायत, निशाणं भिजतायत. पाऊस जोरात आहे, पण मिरवणुकीत छत्री कोणाच्याच हातात नाही. इथे टोपाचा नियम करावा लागत नाही, कारण जटा खऱ्या आहेत. बाकीचं जग मध्ययुग शनिवार-रविवारपुरतं भाड्याने आणतं; त्र्यंबकात ते कधी रिटायरच झालं नाही.

तारीख गुरू काढतो

गुरू सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थ. उज्जैनलाही तेव्हाच, म्हणून या दोन्ही ठिकाणच्या कुंभाला सिंहस्थच म्हणतात. सूर्याभोवती एक फेरी मारायला गुरूला ११.८६ वर्षं लागतात, म्हणजे ‘दर बारा वर्षांनी’ म्हणताना आपण त्याला थोडी सूट देतो. ही सूट साठत जाते आणि कधीतरी कुंभ अकराव्या वर्षीच भरतो. हरिद्वारचा २०२२चा कुंभ २०२१मध्येच झाला तो यामुळे.

गुरू सिंहेत असताना लग्न लावू नये अशी जुनी समजूत आहे. मंगल कार्यालयवाल्यांचं गुरूबद्दलचं मत यात धरलेलं नाही.

२०११च्या जनगणनेत त्र्यंबकची लोकसंख्या बारा हजारांच्या आसपास होती. पर्वणीच्या, म्हणजे मुख्य स्नानाच्या, दिवशी याच गावात लाखांनी माणूस उतरतो. युनेस्कोने २०१७मध्ये कुंभमेळ्याला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्र्यंबकच्या गल्ल्या मात्र पूर्वी होत्या तेवढ्याच रुंद आहेत.

मिरवणुकीत कोण कोण

साधूंचे एकूण आखाडे तेरा. त्यातले तीन वैष्णव: निर्मोही, निर्वाणी आणि दिगंबर. त्यांचं स्नान नाशिकला रामकुंडावर. उरलेले दहा त्र्यंबकला कुशावर्तावर. त्यातले सात संन्याशांचे: जुना, आवाहन, अग्नी, निरंजनी, आनंद, महानिर्वाणी आणि अटल. प्रत्येकाचं इष्टदैवत ठरलेलं. जुन्याचे दत्तात्रेय, निरंजनीचे कार्तिकस्वामी, महानिर्वाणीचे कपिलमुनी, आनंदचा सूर्य, अग्नीची गायत्री. जुना आखाड्याचं ठाणं त्र्यंबकला नीलपर्वतावर आहे. ‘नागा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सगळेच भस्मधारी येतात, पण अग्नी आखाड्यात ब्रह्मचारी असतात, नागा नसतात.

राहिलेल्या तिघांची गंमत लोकांना सहसा ठाऊक नसते. बडा उदासीन आणि नया उदासीन यांचे गुरू श्रीचंद, म्हणजे गुरू नानकांचे चिरंजीव. आणि निर्मल आखाड्याच्या मध्यभागी असतो गुरू ग्रंथसाहेब. पंजाबातली ही परंपरा गोदेच्या उगमाशी येऊन शंकराच्या संन्याशांच्या मागोमाग स्नान करते, आणि याचं इथे कोणालाच नवल वाटत नाही.

हत्यारांना नावं असतात. महानिर्वाणी आखाड्याचे दोन भाले आहेत, भैरवप्रकाश आणि सूर्यप्रकाश. ते नुसते मिरवायचे नसतात, त्यांची पूजा होते. कुंडावर पोहोचल्यावर आधी इष्टदैवत आणि भाला यांचं स्नान, मग माणसांचं. युरोपातल्या गोष्टीत राजा आर्थरच्या तलवारीला नाव आहे म्हणून केवढं कौतुक! इथे नाव असलेला भाला दर कुंभाला आंघोळ करतो.

आखाड्याची व्यवस्था पाहिली तर एखाद्या जुन्या संस्थानाचा कारभार वाटावा. श्रीमहंत आहेत, महामंडलेश्वर आहेत, थानापती, कारोबारी, भंडारी आहेत. शिस्तीला कोतवाल आहे. ‘कोतवाल’ म्हटलं की आपल्याला म्हणच आठवते. छावणीत मात्र तो चांदीचा दंड घेऊन खराच फिरतो. किरकोळ गुन्ह्याला शिक्षाही जुनीच, थंड पाण्यात डुबक्या. पर्वणीच्या दिवशी कुंडावर उतरायची आणि बाहेर पडायची वेळ प्रत्येक आखाड्याला मिनिटांच्या हिशेबात नेमून दिलेली असते, आणि सगळे आखाडे गेल्यावरच सामान्य भाविकांची पाळी येते. आपण इथे बघे आहोत, हे आधीच ध्यानात ठेवलेलं बरं.

गावात होणाऱ्या आखाड्यांच्या प्रवेशाला आजवर ‘पेशवाई’ म्हणत आणि स्नानाला ‘शाही स्नान’. प्रयागराजच्या २०२५च्या कुंभापासून कागदोपत्री ‘छावणी प्रवेश’ आणि ‘अमृतस्नान’ आलं. चहाच्या टपरीवर ‘शाही’च चालू आहे आणि पुढची काही वर्षं तरी चालेल, असा माझा अंदाज.

आधी आंघोळ कोणाची?

वेळा मिनिटांत का वाटल्या, याला मोठा इतिहास आहे. १५६७ साली कुरुक्षेत्राजवळ ठाणेसरला अकबराचा मुक्काम होता. तिथल्या तळ्याकाठच्या जागेवरून संन्याशांच्या दोन गटांत वाद पेटला. दोघांनीही बादशहाकडे लढायची परवानगी मागितली. मिटत नाही म्हटल्यावर अकबराने परवानगी दिली आणि स्वतः बघायला उभा राहिला! एक बाजू संख्येने कमी पडतेय असं दिसल्यावर त्याने आपले काही सैनिक तिच्या मदतीला धाडले. हा प्रसंग ‘अकबरनामा’त आहे, आणि त्याचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. चित्रात राख फासलेली माणसं तलवारींनी एकमेकांवर तुटून पडलीत आणि वरच्या बाजूला बादशहा घोड्यावरून पाहतोय.

नाशिकचं प्रकरण त्याहून भयंकर. १७८९च्या सिंहस्थात स्नानाच्या मानावरून शैव संन्यासी आणि वैष्णव बैरागी यांच्यात युद्धच झालं. पेशव्यांच्या ताम्रपटात मृतांचा आकडा बारा हजार असल्याचं सांगतात. आकड्यावर अभ्यासक वाद घालोत. शैवांनी त्र्यंबकला आणि वैष्णवांनी नाशिकला स्नान करायचं ही वाटणी पेशवाईतल्या या भांडणांतूनच पक्की झाली. म्हणजे आज पर्वणीला अर्धी गर्दी नाशिकात आणि अर्धी त्र्यंबकात, ही जी सोय वाटते, ती मुळात युद्धबंदीची रेषा आहे. कधीकधी तारखाही फुटतात. २०१५मध्ये तिसरं स्नान नाशिकला १८ सप्टेंबरला झालं आणि त्र्यंबकला २५ सप्टेंबरला.

पानिपतावर हे संन्यासी कोणाच्या बाजूने?

मराठी माणसाला टोचणारी गोष्ट आता सांगतो. अठराव्या शतकात गोसावी, म्हणजे हेच हत्यारबंद संन्यासी, उत्तरेतले नावाजलेले भाडोत्री लढवय्ये होते. अवधच्या नवाबाकडे राजेंद्रगिरी गोसाव्याची फौज होती, पुढे त्याचे चेले उमरावगिरी आणि अनुपगिरी आले. १७६१ला पानिपतावर नवाब शुजाउद्दौला अब्दालीच्या बाजूने उभा होता, त्याच्याबरोबर हा अनुपगिरीही होता. म्हणजे आपल्या समोर! अब्दालीच्या छावणीत या नागड्या शिपायांवरून कुरकुर झाली, तरी ते राहिले. पुढे हाच अनुपगिरी ‘हिंमतबहादूर’ म्हणून गाजला, काही काळ महादजी शिंद्यांबरोबर राहिला आणि १८०३ला इंग्रजांना जाऊन मिळाला. एवढ्या वेळा बाजू बदलून तो १८०४मध्ये बिछान्यावर मेला, हे त्या काळात मोठंच यश.

गंमत अशी की ज्या नानासाहेब पेशव्याला पानिपताने संपवलं, त्यानेच १७५५मध्ये त्र्यंबकेश्वराचं आजचं काळ्या दगडाचं मंदिर बांधायला घेतलं होतं. जून १७६१मध्ये तो पर्वतीवर वारला. मंदिर पुरं व्हायला १७८६ उजाडलं. एकतीस वर्षं! खर्च सोळा लाख रुपये झाल्याचं सांगतात. हे बांधकाम एका पैजेतून झालं अशीही गोष्ट गावात आहे: पिंडीभोवतीचा दगड आतून पोकळ की भरीव, यावर नानासाहेबाने पैज लावली, तो हरला आणि मंदिर बांधून मोकळा झाला. पैज हरून मंदिर बांधणारा दुसरा पेशवा नाही.

आत पिंडी शोधायला जाल तर उंचवटा दिसणार नाही. तिथे खळगा आहे, आणि खळग्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं. ब्रह्मा, विष्णू, महेश.

सिंहस्थ नाही? सोमवार आहे

बारा वर्षं थांबायचा धीर नसेल तर कुठलाही सोमवार धरा. दुपारी देवाचा पंचमुखी मुखवटा पालखीत बसून कुशावर्तावर जातो, स्नान करतो आणि परत येतो. सोमवारीच रत्नजडित मुकुटही पाहायला मिळतो. तो पांडवांच्या वेळचा असल्याचं पुजारी सांगतात. पालखीबरोबर वाद्यं असतात, चोपदार असतो, गर्दी असते, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. लँड्सहुटचे लोक चार वर्षांनी एकदा करतात ते इथे आठवड्याला होतं. त्रिपुरी पौर्णिमेला तर विंचूरकर सरदारांनी दिलेल्या उंच रथातून देव निघतो, आणि गल्लीच्या वळणावर तो रथ वळवताना पाहणं हा वेगळाच थरार.

कुशावर्त हा नैसर्गिक डोह नव्हे, बांधीव कुंड आहे. होळकरांचे फडणीस रावजी पारनेरकर यांनी १७५०च्या सुमारास ते बांधून घेतलं. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि लपंडाव खेळते, तेव्हा गौतम ऋषींनी तिला कुशाच्या काडीने इथे अडवलं ही कथा. पुढे ती १,४६५ किलोमीटर धावून बंगालच्या उपसागराला मिळते. अडवणं फारसं जमलेलं दिसत नाही.

पौष वद्य एकादशीला मिरवणुकीचा रंग बदलतो. संत निवृत्तिनाथांनी १२९७मध्ये त्र्यंबकला समाधी घेतली, आणि त्यांच्या यात्रेला कडाक्याच्या थंडीत दिंड्या पायी येतात. इथे भाले नाहीत, टाळ आहेत. तेराव्या शतकातल्या माणसाला भेटायला आलेल्या या लोकांपैकी कोणालाही आपण काही ‘पुनरुज्जीवित’ करतोय असं वाटत नाही. वर्षाची वारी आहे, एवढंच.

हिरा गेला तो गेलाच

त्र्यंबकेश्वराच्या खजिन्यात एक मोठा निळसर पांढरा हिरा होता. जगभरात तो ‘नासाक’ हिरा म्हणून ओळखला जातो. नाशिकचंच ते इंग्रजी तोंडातलं रूप. वजन सुमारे ९० कॅरेट. १८१८ला पेशवाई बुडाली आणि हिरा ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती लागला. लंडनच्या जवाहिऱ्यांनी विकत घेऊन तो पुन्हा घासला. १८३७मध्ये तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसकडे गेला, आणि त्याने काय करावं? आपल्या तलवारीच्या मुठीत बसवला! म्हणजे देवाचा दागिना एका उमरावाच्या मिरवायच्या पोशाखाला लागला.

१९२७मध्ये हिरा पॅरिसच्या एका जवाहिऱ्याकडे पोहोचला, १९४०मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने विकत घेऊन तो पुन्हा कापला. आता उरलाय ४३.३८ कॅरेट, म्हणजे निम्म्याहून कमी. १९७०च्या लिलावात तो एका अमेरिकन ट्रक-व्यावसायिकाने पाच लाख डॉलरला घेतला, नंतर लेबनॉनच्या रॉबर्ट मौवाद यांच्या संग्रहात गेला. देवापासून ट्रकवाल्यापर्यंत एवढा लांबचा प्रवास केलेला हिरा विरळाच. तो परत आणा अशी मागणी अधूनमधून होते. परत आला तरी मूळचा घाट गेलाच आहे.

आजोबांची सही मिळेल

मिरवणूक पाहून पाय दुखले की तीर्थपुरोहितांच्या घरी टेका. यांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नामावळी असते. गाव, आडनाव सांगायचं, वही निघते आणि त्यात तुमचे पणजोबा कधी आले, बरोबर कोण होतं, याची त्यांच्याच हातची नोंद सापडते. पूर्वी अशी माहिती मोडीत लिहिलेली असे, त्यामुळे वाचायलाही पुरोहितच लागतो. जगभरचे मध्ययुगाचे शौकीन खोटी वंशावळ बनवून सरदार होतात; इथे खरी वंशावळ सापडते आणि आपण कोणीही सरदार नव्हतो हेही कळतं. नवी नोंद करून या, तेवढंच नातवंडांना काम.

खोट्या तलवारी, खरे फौजदार

वेशभूषा करून पडद्यावर जुना काळ उभा करायचा धंदा भारतात ज्याने सुरू केला, तो माणूसही इथलाच. दादासाहेब फाळके. जन्म त्र्यंबकेश्वर, ३० एप्रिल १८७०. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. दर बारा वर्षांनी जिथे खऱ्या हत्यारांची मिरवणूक निघते, त्या गावच्या या मुलाने पुढे लाकडी तलवारींवर ‘राजा हरिश्चंद्र’ उभा केला. ३ मे १९१३ला तो मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसाठी लागला.

हरिश्चंद्राच्या राणीसाठी, तारामतीसाठी, बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारा अण्णा साळुंखे फाळक्यांच्या नजरेत भरला. तिथे महिन्याला दहा रुपये मिळत होते, फाळक्यांनी पंधरा देऊ केले, आणि भारतीय सिनेमाला पहिली नायिका मिळाली. स्त्रीभूमिका करणाऱ्या बाकी पुरुषांनी मात्र मिशी काढायला नकार दिला. बाप जिवंत असताना मिशी कशी उतरवायची? त्यांची समजूत घालताना फाळक्यांचे किती दिवस गेले असतील देव जाणे. याच साळुंख्यांनी १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही केले. ‘हरिश्चंद्र’मधल्या राजपुत्र रोहिदासाचं काम फाळक्यांच्या मुलानेच केलं आणि सगळ्या कंपनीचा स्वयंपाक सरस्वतीबाई फाळक्यांनी.

खरी धमाल झाली ती बाहेरच्या चित्रीकरणात. मंडळी वांगणीला गेली. फाळके दुसऱ्या दिवशी येणार होते, तोवर नटांनी ढाल-तलवार-भाल्यांची तालीम सुरू केली. गावकऱ्यांनी पाहिलं आणि एकच अर्थ लावला: दरोडेखोर! पाटलाला खबर, पाटलाकडून फौजदाराला. झडती घेतली तर लाकडी तलवारी, खोट्या दाढ्या आणि भरजरी कपडे. गावाचा संशय आणखी पक्का झाला, हा सगळा लुटीचा माल! नट म्हणतायत आम्ही सिनेमावाले, पण सिनेमा म्हणजे काय हेच कोणाला ठाऊक नाही. फाळके आले, त्यांनी कॅमेरा मांडला आणि फिल्म न घालताच शॉट घेऊन दाखवला, तेव्हा कुठे सुटका झाली. मोकळ्या माळावर जुना काळ उभा करायला निघालेल्या प्रत्येक हौशी मंडळाने हा किस्सा पाठ करावा आणि आधी पोलीसपाटलाला चिठ्ठी पाठवावी.

शेजारीपाजारीही कमी नाहीत

त्र्यंबकपासून निघून थोडं इकडेतिकडे फिरलात तर अशी मध्ययुगं ठिकठिकाणी भेटतात. नाशिकला धुलिवंदनाच्या दिवशी वीर निघतात. बाशिंग बांधलेला दाजीबा वीर पुढे, आणि कडेवरच्या पोरांपासून थोरांपर्यंत देवादिकांच्या आणि मावळ्यांच्या वेशातली माणसं गोदाकाठी जातात. चार दिवसांनी रंगपंचमीला पेशवेकालीन रहाडी उघडतात. रहाड म्हणजे जमिनीतला रंगाचा हौद. वर्षभर बुजवलेला असतो, त्यावरून रिक्षा जातात, आणि त्या दिवशी त्यात माणसं धप्पकन उड्या मारतात.

डोंगरापलीकडे मोखाडा-जव्हारच्या आदिवासी गावांत बोहाडा. रात्रभर संबळ-पिपाणी, टेंभ्यांच्या उजेडात मुखवटे नाचतात, गणपतीपासून रावणापर्यंत एकेक सोंग येतं आणि पहाटे महिषासुराचा निकाल लागतो. पुरातत्त्व खात्याची परवानगी नाही, तिकीट नाही, माईकवर निवेदक नाही. मला विचाराल तर बोहाडा या सगळ्यांत सरस.

जेजुरीला दसऱ्याच्या मर्दानी सोहळ्यात बेचाळीस किलोचा खंडा एका हाताने तोलून धरायची स्पर्धा लागते, दातांनीही उचलतात. दंतवैद्यांनी लांबच राहावं. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपतींचं कुटुंब जुन्या मेबॅक मोटारीतून सीमोल्लंघनाला येतं; घोडा आणि मोटार दोन्ही एकाच मिरवणुकीत शोभतात हे कोल्हापूरलाच जमतं. रायगडावर ६ जूनला आणि तिथीला असा राज्याभिषेक वर्षातून दोनदा होतो. बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या ‘जाणता राजा’त तर हत्ती-घोडे मैदानावर चालत येत. आणि दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर अळीव पेरणारी पोरं? या विषयातले सगळ्यात तरुण आणि सगळ्यात कडक इतिहासतज्ज्ञ तेच. सिंहासनाशेजारी मावळा चुकीच्या बाजूला ठेवून बघा, लगेच सुधारतील.

ज्यांना गर्दी नको त्यांनी ब्रह्मगिरी चढावा. हा नुसता तीर्थाचा डोंगर नाही, किल्ला आहे. १६३६च्या माहुलीच्या तहात शहाजीराजांना तो सोडावा लागला, १६७०मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी घेतला, १८१८ला इंग्रजांनी. पलीकडच्या दुर्गभांडारला जाताना कड्यात खोदलेल्या अरुंद पायऱ्या खाली उतरतात. दोन्ही बाजूंना कातळ, डोक्यावर आकाशाची पट्टी. पावसात त्या घसरतात, तेव्हा हिवाळ्यातच जा. परतताना अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था लागते. १९८०मध्ये सुरू झालेल्या या संस्थेच्या संग्रहालयात सातवाहनांपासूनची नाणी आहेत. एवढ्या राजवटी मिरवून गेल्या त्यांचे सुटे पैसे इथे जमा आहेत.

निघायच्या आधी

जाहीर झालेल्या तारखा लिहून ठेवा. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ला. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७, दुसरं ३१ ऑगस्ट, तिसरं नाशिकला ११ सप्टेंबर आणि त्र्यंबकला १२ सप्टेंबर. ध्वज उतरणार २४ जुलै २०२८ला. मिरवणूक पाहायची असेल तर आदल्या रात्रीच गावात पोहोचा, खासगी गाडी गावाबाहेर अडवतात तेव्हा एसटी धरा, साधूंच्या जवळ जाऊन सेल्फीची घाई करू नका (भाला खरा आहे), आणि छत्रीऐवजी रेनकोट घ्या. मागच्या माणसालाही भैरवप्रकाश दिसू दे.